जुन्या मालट्रकचे गिअर-ऑइल बदलावे काय?

पुणे आणि नाशिक या शहरांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६० वर, नाशिकपासून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर वसलेले संगमनेर हे प्रवरेकाठचे शहर बाजारपेठ, साखर कारखाना आणि दूध संघ यांमुळे जसे ओळखले जाते, तसेच ते मालवाहतुकीचेही एक ठाणे आहे. कारण दक्षिणोत्तर जाणाऱ्या या महामार्गाला कोल्हार, लोणी, अकोले आणि घोटी यांना सांधणारा पूर्व-पश्चिम रस्ता इथेच येऊन मिळतो आणि कांदा, टोमॅटो, डाळिंब, ऊस, दूध, सिमेंट, खत अशा नाना मालांच्या गाड्या दिवसरात्र इथून ये-जा करीत असतात. यांतल्या पुष्कळ गाड्या पहिल्या मालकाकडे उरलेल्या नसतात. मोठ्या वाहतूक कंपनीने काही वर्षे वापरून विकलेला ट्रक तालुक्याच्या ठिकाणचा एकटा मालक विकत घेतो, पुष्कळदा तो स्वतःच चालवतो, आणि त्याच्या हाती गाडी येते तेव्हा तिने चार-पाच लाख किलोमीटर रस्ता कापलेला असतो. इंजिनाचे तेल केव्हा बदलले हे विकणारा सांगतो, टायर किती उरले आहेत हे डोळ्यांना दिसते, बॅटरीवर तारीख असते. गिअरबॉक्समधले तेल मात्र केव्हा बदलले, किंबहुना कधी बदलले होते की नाही, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. मग गॅरेजमध्ये तो प्रश्न निघतो, ज्यावर महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या मिस्त्रींची मते आजही एक होत नाहीत: इतक्या चाललेल्या गाडीचे तेल आता बदलावे, की आहे तसेच राहू द्यावे?

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरात दोन वेगळ्या यंत्रांची सरमिसळ झालेली आहे, आणि ती सरमिसळ सोडवल्याशिवाय उत्तर नीट देता येत नाही. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवताना वेग आणि जोर यांचे प्रमाण बदलून देणाऱ्या यंत्रणेला ट्रान्समिशन म्हणतात. भारतीय मालट्रकांत ती परंपरेने हाताने चालवायची असते, म्हणजे चालक डाव्या पायाने क्लच दाबतो, दांडा सरकवतो आणि गिअरबॉक्समधील दातेरी चाकांची एक जोडी सोडून दुसरी कामाला लावतो. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधण्यास सुरुवात केली तेव्हापासून ते १९८६ साली आलेल्या आणि खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या ‘४०७’ पर्यंत हीच रचना राहिली. याउलट अमेरिकेत, जिथे सामान्य माणसाचा ‘ट्रक’ म्हणजे घरची पिकअप गाडी असते, तिथे क्लचचे पायडल नसलेली, तेलाच्या दाबावर स्वतःहून गिअर बदलणारी स्वयंचलित यंत्रणा रूढ झाली. ‘जुन्या गाडीचे ट्रान्समिशनचे तेल बदलू नये, बदलले की यंत्र बसते’ हा इशारा मुळात त्या यंत्रणेविषयीचा आहे. तो आपल्याकडच्या हातगिअरलाही लावला जातो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हातगिअरच्या गिअरबॉक्समध्ये तेलाला पंप बहुधा नसतो. खालच्या बाजूला असलेली दातेरी चाके तेलात अर्धवट बुडालेली असतात, ती फिरू लागली की तेल वर उडवतात, आणि उडालेले तेल दात, बेअरिंग आणि शाफ्ट यांवर शिंपडले जाऊन पुन्हा तळाशी जमते. या तेलाकडून तीन कामांची अपेक्षा असते: पहिले, दोन पोलादी दात एकमेकांवर दाबले जाताना त्यांच्यामध्ये पातळ थर टिकवून ठेवणे, दुसरे, घर्षणातून निर्माण झालेली उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत वाहून नेणे, आणि तिसरे, झिजलेल्या धातूचा कीस दातांपासून दूर नेऊन तळाशी बसवणे. पहिले काम सर्वांत अवघड आहे. भरलेला ट्रक चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढत असतो तेव्हा दातांवरचा दाब इतका वाढतो की नुसत्या तेलाचा थर पिळून बाहेर पडतो आणि धातूला धातू भिडण्याची वेळ येते. त्या क्षणासाठी तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाच्या पृष्ठभागाशी संयोग पावून एक अतिसूक्ष्म लेप तयार करतात, तो लेप झिजतो आणि दात वाचतो. गिअर-ऑइलच्या डब्याचे झाकण उघडताच जो उग्र, नाकात बसणारा वास येतो, तो याच गंधकयुक्त द्रव्यांचा असतो.

येथे हे लक्षात घ्यावे लागते की हा लेप स्वतः खर्च होऊन दाताचे रक्षण करतो, म्हणजेच ही द्रव्ये कामाबरोबर संपत जातात. त्याचबरोबर उष्णतेने तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते आंबट आणि दाट होते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा तेलाच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. तेलाचा दाटपणा टिकवण्यासाठी घातलेले लांब साखळ्यांचे रेणू दातांच्या चिमटीत सापडून तुटतात, त्यामुळे काही तेले उलट पातळही होतात. आणि या सगळ्यात तेलाची पातळी जवळजवळ तशीच राहते, कारण गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही. इंजिनाचे तेल काजळीने काळे पडते, थोडे कमी होते, पट्टी ओढून रोज पाहता येते. गिअरबॉक्सला बहुतेक ट्रकांत पट्टीच नसते. जे दिसत नाही आणि कमी होत नाही, ते बिघडले आहे असे मालकाला वाटतच नाही. गिअर-ऑइलच्या दुर्लक्षाचे खरे कारण एवढेच आहे.

संगमनेर परिसरातल्या गाड्यांच्या बाबतीत या सर्वसाधारण कारणांत स्थानिक कारणांची भर पडते. शहराच्या दक्षिणेला चंदनापुरी घाट आहे. रस्ता रुंद झाल्याने तो आता पूर्वीइतका जाचक राहिलेला नाही, तरी भरलेल्या गाडीला तो चढताना खालच्या गिअरमध्ये सतत ओढावे लागते आणि उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून इंजिनाच्या रोधावर गाडी धरून ठेवावी लागते. चढताना दाताची एक बाजू भार घेते, उतरताना दुसरी. इंजिनावर गाडी उतरवणारा चालक शहाणाच असतो, पण त्याचा गिअरबॉक्स दोन्ही अंगांनी झिजत असतो हेही तितकेच खरे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरेच्या खोऱ्यात उभा राहिला, त्या खोऱ्यात गळीत हंगाम सुरू झाला की ट्रक ऊस भरण्यासाठी ओल्या शेतात उतरतो. चिखलात रुतलेली चाके बाहेर काढताना क्लच आणि पहिला गिअर यांवर जो ताण येतो तो सपाट महामार्गावरच्या कित्येक किलोमीटरांत येत नाही. अशा गाडीचे वय किलोमीटरच्या आकड्यावरून मोजणे म्हणजे पैलवानाचे वय त्याच्या वजनावरून ठरवण्यासारखे आहे. वाहन उत्पादकांच्या पुस्तिकांत तेल बदलण्याचे जे अंतर दिलेले असते, त्यातच अवजड आणि धुळीच्या कामासाठी ते कमी करावे असे बहुधा नमूद केलेले असते. पण ती ओळ वाचण्याइतका वेळ पुस्तिका गाडीत टिकत नाही.

पाण्याचा प्रश्न तर अधिकच लक्ष देण्याजोगा आहे. प्रत्येक गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक लहानशी श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापून फुगली की ती या नळीतून बाहेर पडते आणि थंड झाल्यावर बाहेरची हवा आत येते. ही नळी मातीने बुजली तर आतला दाब वाढून तेल ऑइल-सीलमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यातून, बाहेर झिरपू लागते, आणि मालक नवी सील बसवूनही गळती थांबत नाही म्हणून मिस्त्रीला बोल लावतो. ही नळी उघडी असतानाही एक धोका उरतो. लांबवर धावून तापलेली गाडी पावसाळ्यात ओढ्यातून, फरशी पुलावरच्या पाण्यातून किंवा पाटाच्या बाजूच्या डबक्यातून गेली की गिअरबॉक्सचे कवच एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ती जागा भरून काढण्यासाठी नळीतून किंवा जीर्ण सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे दुधाळ दिसते. त्याचा थर दाताखाली टिकत नाही आणि बेअरिंगवर गंज चढतो. असे तेल आढळले तर किलोमीटरचा हिशेब न पाहता ते त्याच दिवशी काढावे लागते, त्यात दुमत नाही.

आता ‘जुन्या गाडीचे तेल बदलू नये’ या समजुतीकडे वळता येईल. स्वयंचलित यंत्रणेच्या बाबतीत तिला काही आधार आहे आणि तो समजून घेण्यासाठी त्या तेलाचा थोडा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी अशी एक जोडणी शोधली की जिच्यात एक पंखा तेल ढकलतो आणि ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते, दोघांमध्ये धातूचा स्पर्श होत नाही. टॉर्क कन्व्हर्टर या नावाने तीच कल्पना पुढे मोटारींत आली. १९३९ साली जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण स्वयंचलित यंत्रणा बाजारात आणली, १९४९ मध्ये तिच्यासाठी ‘टाइप ए’ नावाचे तेल ठरवून दिले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डेक्स्रॉन’ हे नाव आले, जे आजही डब्यांवर दिसते. या तेलाकडून विचित्र अपेक्षा असते: बेअरिंगला ते निसरडे वाटले पाहिजे, पण तेलातच बुडालेल्या क्लचच्या चकत्यांना मात्र त्याने घट्ट धरू दिले पाहिजे. हा तोल साधण्यासाठी सुरुवातीच्या काळात चक्क स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे. १९७० मध्ये अमेरिकेने हा प्राणी संकटग्रस्त ठरवल्यानंतर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. गळती झाली तर इंजिनाच्या तेलापासून वेगळे ओळखू यावे म्हणून या तेलाला तांबडा रंग दिला गेला, आणि तो पुढे त्याची ओळखच बनला. संगमनेरच्या ट्रकचालकालाही हे लाल तेल अपरिचित नाही. त्याच्या गाडीत ते गिअरबॉक्समध्ये नसते, तर पॉवर स्टिअरिंगच्या डब्यात असते, आणि ‘स्टिअरिंगचे लाल ऑइल’ म्हणून तो ते दुकानातून आणतो.

स्वयंचलित यंत्रणेतल्या चकत्यांवर घर्षणासाठी कागदासारख्या तंतुमय पदार्थाचा लेप असतो. वर्षानुवर्षे तेल न बदलता ती चालवली की हा लेप झिजून त्याची भुकटी तेलात मिसळते, तेल तपकिरी आणि मग काळे होते, त्याला करपल्याचा वास येतो, आणि झिजलेल्या चकत्या कशाबशा पकड घेत राहतात. अशा अवस्थेत, गाडी आधीच घसरू लागल्यावर, मालक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतो. नव्या तेलात घर्षण बदलणारी ताजी द्रव्ये आणि मळ सोडवणारी द्रव्ये असतात, उरलीसुरली पकडही सुटते किंवा जागचा हललेला मळ झडपांच्या अरुंद वाटांत अडकतो, आणि आठवड्याभरात यंत्रणा बंद पडते. दोष तेलावर येतो. वास्तविक यंत्रणा तेल बदलल्यामुळे गेलेली नसते, ती जात होती म्हणूनच तेल बदलले गेलेले असते. ज्यांची यंत्रणा तेल बदलल्यावर पुढे लाखभर किलोमीटर चालली त्यांची हकीकत कोणी सांगत बसत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखे काही घडलेले नसते. तरीही या समजुतीतून एक व्यवहार्य धडा निघतो. तेल तपकिरी झाले असले, पण करपलेले नसले आणि गिअर नीट पडत असले, तर ते बदलावे, मात्र यंत्राने दाब देऊन एका दमात सगळे न धुता टप्प्याटप्प्याने बदलावे. तळाचे भांडे रिकामे केल्यावर एकूण तेलाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच तेल बाहेर येते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते, त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा काढून भरले की बहुतेक तेल हळूहळू नवे होते. तेल काळे आणि करपलेले असेल, गाडी घसरत असेल, तर तेलाच्या डब्यावर पैसे घालवण्यापेक्षा यंत्रणा उघडण्याची तयारी करावी, हेच खरे.

हातगिअरच्या ट्रकला यातले जवळजवळ काहीही लागू पडत नाही. त्याचा क्लच तेलात नसतोच; तो गिअरबॉक्सच्या पुढे, कोरड्या जागेत असतो आणि त्याला तेल लागणे हाच उलट दोष असतो. जुन्या तेलातल्या भुकटीमुळे पकड टिकते हा युक्तिवाद इथे निराधार ठरतो, कारण गिअरबॉक्सच्या तेलातली भुकटी पोलादाची आणि पितळेची असते आणि ती दातांना पॉलिश-कागदासारखी घासत असते. तरीही ‘तेल बदलले आणि गिअरबॉक्स आवाज करू लागला’ अशी तक्रार ऐकू येते, ती खोटीही नसते. जुने, दाट झालेले तेल झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दाबून ठेवते आणि कडक झालेल्या सीलच्या फटीतून सहज बाहेर पडत नाही. ठरलेल्या दाटपणाचे नवे तेल भरले की आवाज ऐकू येतो आणि सील झिरपते. झीज आधीपासून होती, ती आता कळली. जुनी गाडी विकण्यापूर्वी गिअरबॉक्समध्ये मुद्दाम जाड तेल भरण्याची, प्रसंगी त्यात ग्रीस कालवण्याची जी क्लृप्ती काही जण करतात, ती याच गुणावर बेतलेली असते. म्हणून वापरलेला ट्रक घेताना इंजिनाची पट्टी ओढून पाहणाऱ्या ग्राहकाने गिअरबॉक्सच्या भरणीच्या नटातून बोट घालून तेल पाहिले तर त्याला गाडीविषयी पुष्कळ काही कळू शकते.

कोणते तेल भरावे याविषयीचा घोळ बदलावे की नाही या घोळापेक्षाही जास्त नुकसान करतो. गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबर’ आणि ‘एकशेचाळीस नंबर’ अशी दोन नावे चालतात. डब्यावर त्यांचे रूप ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असे असते. यातला पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते राहते हे सांगतो, दुसरा शंभर अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते हे. नव्वद हा आकडा इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या दुपटीने मोठा दिसत असल्यामुळे गिअर-ऑइल तितकेच जाड असणार असे वाटते, परंतु इंजिन-ऑइल आणि गिअर-ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, आणि शंभर अंशांना नव्वद नंबरचे गिअर-ऑइल इंजिनाच्या चाळीस ते पन्नास नंबरच्या तेलाइतकेच दाट असते. दाटपणाखेरीज दुसरी खूण असते जीएल-४ किंवा जीएल-५ ही, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात. ती मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियनसाठी हवी असतात, कारण तिथे दात एकमेकांवर नुसते दाबले न जाता घसरतही असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेची किंवा काशाची कडी असतात, ज्यांना सिंक्रोनायझर म्हणतात. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत प्रथम आलेली ही युक्ती दोन चाकांचे वेग घर्षणाने जुळवून देते, म्हणून आज डबल क्लच मारावा लागत नाही. त्या कड्यांना थोडे घर्षण हवे असते. जास्त जोरकस तेल भरले तर कडे घसरते, गिअर वाजत पडतो, आणि काही जीएल-५ तेलांतली द्रव्ये तापलेल्या पितळेवर हळूहळू क्रियाही करतात. ‘पाच म्हणजे चारपेक्षा चांगले’ हा दुकानातला तर्क इथे नेमका उलटा पडतो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच भरावे, आणि पुस्तिका नसेल तर त्या गाडीच्या अधिकृत सेवा केंद्राला मॉडेलचे नाव सांगून विचारून घ्यावे. एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल दोन्ही भरण्याची सवय उत्पादकाने तशी मुभा दिली असेल तरच ठेवावी.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. गाडी नुकतीच वीस-पंचवीस किलोमीटर धावून आलेली असावी, म्हणजे तेल कोमट आणि पातळ असते आणि कीस तळाशी बसण्याऐवजी त्याच्याबरोबर बाहेर येतो. ती सपाट जमिनीवर उभी असावी, चाकांना ओट लावलेली असावी. खालचा ड्रेन नट काढल्यावर तेल पूर्ण निथळू द्यावे, त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. या नटाला पुष्कळदा चुंबक बसवलेले असते, आणि त्यावर काय चिकटले आहे हे वाचणे ही या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. चुंबकावर काळपट, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज समजावी. बोटाला टोचणारे चकचकीत कण दिसले तर बेअरिंग किंवा दात उखडू लागले आहेत. दाताचा तुकडाच हाती आला तर नवे तेल भरण्यापूर्वी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पितळेचा पिवळा कीस चुंबकाला चिकटत नाही, तो तेल पसरट भांड्यात उन्हात धरल्यावर चमकताना दिसतो, आणि तो फार असेल तर सिंक्रोनायझरची कडी संपत आली असे म्हणता येते. तेल नुसते जमिनीवर सोडून देणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. नटाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर नवा घालावा, ब्रीदर काढून डिझेलने धुवावा, आणि भरणीच्या भोकाच्या कडेपर्यंत, म्हणजे तेल नुकतेच बाहेर ओघळू लागेल इतके, नवे तेल भरावे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ ही समजूत इथे घातक ठरते; जादा तेल घुसळले जाऊन फेसाळते, तापते, आणि पुढच्या सीलमधून क्लचवर जाते. स्वयंचलित यंत्रणेत पातळी पाहण्याची रीत निराळी असते: बहुतेकींमध्ये तेल चालत्या इंजिनावर, गरम असताना पाहावे लागते आणि उत्पादकाने सांगितलेले तापमान पाळावे लागते.

नव्या ट्रकांत आता एक तिसरा प्रकार येऊ लागला आहे, ज्याला एएमटी म्हणतात. त्यात क्लचचे पायडल नसते, म्हणून चालक त्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. परंतु आत तोच दातेरी चाकांचा गिअरबॉक्स आणि तोच कोरडा क्लच असतो, केवळ दांडा हलवण्याचे काम संगणक आणि हवेच्या किंवा तेलाच्या दाबावरचे दट्टे करतात. त्यामुळे त्याला सहसा गिअर-ऑइल लागते, लाल तेल नव्हे. शहरांतील लो-फ्लोअर बसगाड्यांत बसवलेल्या, टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या यंत्रणा खऱ्या अर्थाने स्वयंचलित असतात. वापरलेला एएमटी ट्रक जेव्हा मोठ्या संख्येने तालुक्याच्या बाजारात येईल तेव्हा नावावरून तेल भरण्याची चूक होण्याचा धोका आहे, आणि ती चूक महागात पडेल.

गाडीचा सांभाळ करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट चालकांना आवर्जून सांगावी. बंद पडलेला ट्रक इंजिन बंद ठेवून, मागची चाके जमिनीवर फिरत असताना, दोराने लांबवर ओढत नेला की चाकांकडून मुख्य शाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट स्थिर राहतो, म्हणून वरची बेअरिंग कोरडी फिरतात आणि तेल कितीही ताजे असले तरी उपयोग होत नाही. ओढून न्यायचेच असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट, ज्याला गॅरेजमध्ये जॉइंट म्हणतात, सोडून मगच गाडी ओढावी. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. तिथे ब्रेकची हवा आणि स्टिअरिंगचा आधार जाण्याचा धोका इतका मोठा असतो की गिअरबॉक्सची चिंता मागे पडते, एवढेच.

राज्य परिवहन मंडळाची, म्हणजे एस.टी.ची, पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि तेव्हापासून या संस्थेच्या आगारांत देखभाल ही बिघाडाची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या किलोमीटरला करण्याची शिस्त रुजली; कोणत्या गाडीचे कोणते तेल केव्हा बदलले हे वहीत सापडते. एकट्या मालकाकडे आगार नसते, पण वही असू शकते. गिअरबॉक्सच्या तेलाचा खर्च गाडीच्या एका फेरीच्या डिझेलपुढे फारसा नसतो, कारण मोठ्या मालट्रकलाही साधारण दोन आकडी लिटरच्या आसपासच तेल लागते आणि ते हजारो किलोमीटर चालते. उलट गिअरबॉक्स उतरवून बांधायचा म्हटले की सुटे भाग, मजुरी आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडे हे तिन्ही एकदम अंगावर येतात, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. या हिशेबापुढे ‘चालते आहे तोवर हात लावू नये’ हे मत टिकत नाही.

काढलेल्या तेलाचे काय करायचे, हाही या कामाचाच भाग आहे. आपल्याकडे ते साखळ्यांना लावले जाते, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना फासले जाते, आणि उरलेले गॅरेजमागच्या नाल्यात जाते, जो पुढे कुठल्या ना कुठल्या वाटेने प्रवरेला मिळतो. २०१६ सालच्या घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक पुनर्प्रक्रियाकारकाकडेच जायला हवा. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. तेल झाकणाच्या डब्यात साठवून, त्यात पाणी, डिझेल किंवा ब्रेक-ऑइल न मिसळता, परवानाधारक गोळा करणाऱ्याला देणे एवढे गॅरेजवाल्याच्या हातात आहे.

आणि ज्या मालकाने हे सर्व वाचून उद्याच पाना हाती घेण्याचे ठरवले असेल, त्याने खालचा ड्रेन नट सोडण्यापूर्वी वरचा भरणीचा नट सुटतो की नाही हे आधी पाहून घ्यावे. वर्षानुवर्षे न उघडलेला हा नट गंजून बसलेला असतो, आणि तेल सांडून गेल्यावर ते लक्षात आले तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दुसऱ्या गॅरेजपर्यंतसुद्धा नेता येत नाही.